पादुआचं स्क्रोव्हेन्यी चॅपेल : पंधरा मिनिटांत काय बघायचं?

वाईकर_अण्णा

नमस्कार मंडळी. मे महिन्यात लेकीकडे म्युनिकला चाललोय. तिथून सगळे मिळून रेल्वेने व्हेनिसला जाणार, आणि वाटेत पादुआला अर्धा दिवस उतरायचं असं जावयाचं म्हणणं. तिथल्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलची, म्हणजे भित्तिचित्रांनी भरलेल्या छोट्या प्रार्थनागृहाची, तिकिटंही त्याने काढून ठेवलीत. आत फक्त पंधरा मिनिटं सोडतात म्हणे, आणि त्याआधी पंधरा मिनिटं एका काचेच्या खोलीत बसवून ठेवतात. एवढ्यात मी काय बघणार? भित्तिचित्रं म्हणाल तर मेणवलीच्या वाड्यातली तेवढी बघितलेली. चित्रकलेतलं कळत नाही, ख्रिस्ती धर्मातलं त्याहून कमी. देवळात मात्र नेमाने जातो.

तर विचारायचं होतं ते असं. हे अजून प्रार्थनेचं ठिकाण आहे की आता नुसतं म्युझियम? पंधरा मिनिटांत नेमकी नजर कुठे ठेवायची? आणि २००२ साली तिथे मोठा जीर्णोद्धार झाला म्हणतात, म्हणजे केलं काय? आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटला की आधी ऑइलपेंटचे डबे येतात, म्हणून धास्ती वाटते.

निर्मळची_पोर

अण्णा, मी वसईची, निर्मळ गावची. नोकरीमुळे पादुआत राहते. गावाकडून कुणी आलं की स्टेशनवरून आधी इथेच नेते, दहा मिनिटांची तर चाल आहे.

हे बांधलं कुणी ते आधी सांगते, नाहीतर भिंतीवरचं काही लागणार नाही. एन्रिको स्क्रोव्हेन्यी हा इथला गडगंज सावकार. बाप रेजिनाल्दो व्याजबट्ट्यात इतका बदनाम की दान्ते या इटालियन कवीने आपल्या काव्यात त्याला नरकात बसवलाय. नाव घेतलेलं नाही, पण गळ्यातल्या थैलीवर निळी गाभण डुकरीण आहे, आणि ते स्क्रोव्हेन्यी घराण्याचं चिन्ह. कळायचं त्याला कळलं. त्या काळी व्याज खाणं हे उघड पाप होतं, सावकाराला ख्रिस्ती दफनसुद्धा नाकारलं जायचं. एन्रिकोने १३०० साली जुन्या रोमन रिंगणाची जागा विकत घेतली, वाडा उठवला आणि वाड्याला लागून हे चॅपेल. नाव दिलं सांता मारिया देल्ला कारिता, दानधर्माची मरिया, म्हणजे येशूची आई. सावकाराने निवडलेलं नाव आहे, लक्षात घ्या. चित्रांसाठी बोलावलं फ्लॉरेन्सच्या जिओत्तोला, म्हणजे त्या काळचा सगळ्यात मोठा चित्रकार. २५ मार्च १३०५ ला पवित्रीकरण झालं. गॅब्रिएल देवदूताने मरियेला निरोप दिला तो सण २५ मार्चचाच. नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी.

सगळे खूश होते असं नाही. पोप बेनेडिक्ट अकरावे यांनी १३०४ मध्ये इथे येणाऱ्या भाविकांना पापदंडात सूट जाहीर केली, आणि शेजारच्या एरेमितानी मठातल्या संन्याशांनी १३०५ च्या जानेवारीत तक्रार गुदरली की हा माणूस घंटाघर बांधतोय, यात देवाच्या स्तुतीपेक्षा स्वतःचा डामडौल जास्त. दोन्ही बाजू मला पटतात. पश्चात्तापही खरा असेल आणि मिरवणंही खरं असेल. आपल्याकडे नाही का, पावती फाडतानाच फरशीवर नाव कुठे येणार ते विचारणारे.

आता तुमचा पहिला प्रश्न. १८८० पासून चॅपेल नगरपालिकेकडे आहे. रोजची मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, होत नाही, तिकीट काढूनच आत. तरी तुम्ही ते देवघर समजूनच बघा, म्हणजे चित्रं आपोआप लागत जातील. कलेच्या पुस्तकातला क्रम डोक्यात घेऊन येणाऱ्यांचा गोंधळ उडतो, कारण ते एकेक चित्र सुटं बघतात. इथे एकच गोष्ट आहे आणि ती तुमच्याभोवती फिरत खाली उतरते.

आत गेलात की पहिल्यांदा वेदी शोधा. जोव्हान्नी पिसानोने संगमरवरात घडवलेली मरिया तिथे बाळ घेऊन उभी आहे, दोन्ही बाजूंना दोन देवदूत. तिच्याकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताच्या भिंतीला सहा खिडक्या, डावीकडे एकही नाही, तिकडे वाडा होता. डोक्यावर निळं आभाळ आणि सोनेरी चांदण्या. आता उजव्या भिंतीच्या अगदी वरच्या ओळीत, वेदीच्या अंगाला बघा. तिथून सुरुवात. गोष्ट उजव्या भिंतीने मागे जाते, डाव्या भिंतीने पुढे येते, मग एक ओळ खाली उतरून पुन्हा तसंच. आपल्या प्रदक्षिणेचीच दिशा.

सुरुवात येशूपासून नाही, त्याच्या आजोबांपासून आहे. म्हाताऱ्या जोआकिमला मूलबाळ नाही म्हणून पुरोहित देवळातून बाहेर काढतो. ही कथा बायबलात सापडणार नाही, ती लोकपरंपरेने जपलेली. वसईत जोआकिमच्या बायकोच्या, संत ॲनाच्या सणाला माझी आजी ती इतक्या तपशिलात सांगायची की जणू जोआकिम आमच्या पाचव्या घरात राहत होता. देवळातून हाकलल्यावर तो लाजेने घरीही जात नाही, मेंढपाळांकडे रानात जातो. त्याच्या पायाशी कुत्रं उडी मारतंय आणि दोघे मेंढपाळ एकमेकांकडे बघतायत, 'आता या म्हाताऱ्याला काय बोलायचं' अशा नजरेने. शेवटी उजव्या भिंतीच्या टोकाला, वेदीपासून सगळ्यात लांब, ॲना त्याला जेरुसलेमच्या सोनेरी दरवाज्यात भेटते. दोघं म्हातारी एकमेकांना मिठीत घेऊन ओठांवर ओठ टेकवतात. तिचा एक हात त्याच्या डोक्यामागे, दुसरा दाढीवर. दोन चेहऱ्यांचं मिळून एकच तोंड झाल्यासारखं दिसतं. शेजारी बायका हसतायत, आणि त्यांच्यात एक काळ्या पदराची बाई तोंड अर्धं झाकून उभी आहे. ती कोण यावर पंडित आजही भांडतात. माझं मत विचाराल तर प्रत्येक लग्नात अशी एक बाई असतेच.

पंधरापैकी चार-पाच मिनिटं इथेच द्या. मधल्या ओळीतलं, बाळ येशूला बघायला आलेल्या तीन राजांचं चित्रही चुकवू नका. बेथलेहेमच्या ताऱ्याच्या जागी जिओत्तोने आगीच्या शेपटीचा धूमकेतू काढलाय. १३०१ मध्ये हॅलेचा धूमकेतू दिसला होता, तो त्याने बघितला असणार असं मानतात. १९८५ मध्ये त्याच धूमकेतूकडे पाठवलेल्या युरोपीय यानाचं नाव जिओत्तो ठेवलं ते यावरूनच. तिथल्या उंटाचे डोळे निळे आहेत. त्याने उंट बघितला नसावा!

मग वेदीकडच्या कमानीवर डावीकडे यहुदा, पैशासाठी येशूला पकडून देणारा त्याचा शिष्य. हातात पैशाची थैली, आणि मागे काळा सैतान खांद्याला धरून उभा. सावकाराच्या खाजगी चॅपेलात, बरोबर समोर, प्रत्येक मिस्सेला डोळ्यांपुढे येईल अशी थैली. त्याच यहुदाला मग उजव्या भिंतीच्या खालच्या ओळीत बघा. पिवळ्या झग्यात येशूला पुरता गुंडाळून तो मुका घेतो. मशाली, भाले, गर्दी, आणि मधोमध फक्त दोन चेहरे एकमेकांच्या डोळ्यांत. त्याच्या समोरच्या भिंतीवर, खालच्याच ओळीत, क्रुसावरून उतरवलेला येशू आईच्या मांडीवर. वर देवदूत अक्षरशः आक्रोश करतायत. खाली दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्यात, त्यांचे चेहरे दिसतच नाहीत. चित्रकाराने पाठी काढून एवढं दुःख दाखवावं, याच्यापुढे मला काही बोलता येत नाही.

शेवटची तीन मिनिटं वळून मागच्या भिंतीला. अंतिम न्याय, म्हणजे जगाच्या शेवटी होणारा सगळ्यांचा निवाडा. मिस्सा संपवून बाहेर जाणाऱ्याला हेच बघत जावं लागायचं. उजव्या कोपऱ्यात नरक, आणि तिथे सावकार त्यांच्याच थैल्यांच्या दोऱ्यांनी गळफास लागून लोंबतायत. क्रुसाच्या दुसऱ्या बाजूला, स्वर्गाच्या अंगाला, एन्रिको स्वतः गुडघे टेकून मरियेला या चॅपेलची प्रतिकृती देतोय. अंगात जांभळा झगा. उपवासकाळात आमचे फादर घालतात तोच रंग, प्रायश्चित्ताचा. बाप कुठल्या बाजूला गेला हे भिंतीवर लिहिलेलं नाही. एन्रिकोला पुढे पादुआ सोडावं लागलं, पण त्याची कबर वेदीच्या मागेच आहे.

जीर्णोद्धाराचं कुणी जाणकार सांगेल. मला फक्त एवढं ठाऊक आहे की ऑइलपेंट नाही लावलेला.

अजिंठावारी

ताईंनी गोष्ट छान सांगितली, मी भिंतीचं सांगतो. संभाजीनगरला राहतो, भित्तिचित्रांच्या जतनाचं शिक्षण घेतलंय, हाडाचा अजिंठेकर.

अण्णा, फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर काढलेलं चित्र. गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाळताना त्याचा पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडात कोंडला जातो. त्यामुळे एका बैठकीत जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा थापायचा. या तुकड्याला इटालियनमध्ये जोर्नाता म्हणतात, म्हणजे दिवसभराचं काम. या चॅपेलात असे ६२५ तुकडे मोजलेत. ताई, पुढच्या वेळी एखाद्या आकृतीच्या कडेने तिरकस उजेडात बघा, दोन तुकड्यांमधला सांधा दिसतो. डोक्याला एक अख्खा तुकडा आणि आभाळाला त्याच्या कितीतरी पट मोठा, यावरून कुठे वेळ घातला तेही कळतं.

गडबड निळ्याची. अझुराइट नावाच्या दगडाची पूड ओल्या चुन्यात टिकत नाही, म्हणून ती भिंत वाळल्यावर सरसात कालवून लावली. सरस म्हातारा झाला की निळा गळतो. मरियेच्या झग्यावर बऱ्याच ठिकाणी नुसता खालचा फिकट थर उरलाय तो यामुळे. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी तो पुन्हा निळा केला नाही. आपल्याकडे केला असता.

काम २००१-०२ मध्ये झालं, रोमच्या केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेचे जुझेप्पे बासिले यांच्या देखरेखीखाली, आणि आठेक महिन्यांत आटोपलं. पण त्याआधी वीसेक वर्षं हवा, ओल, धूळ आणि माणसांचे श्वास मोजण्यात गेली होती. शहराच्या धुरातला गंधक ओलाव्याबरोबर भिंतीवर बसला की चुन्याचं जिप्सम होतं, ते फुगतं आणि रंगासकट पोपडा सुटतो. म्हणजे भिंत धुण्याआधी हवा सुधारायला हवी. ती काचेची खोली त्यासाठी आहे. २००० साली बांधली. तिथे पंधरा मिनिटं तुमच्या अंगावरची ओल आणि धूळ कमी करतात, आतल्या हवेचा समतोल राखतात, आणि मग पंचवीसजणांनाच सोडतात. खोळंबा म्हणून चिडू नका, जीर्णोद्धाराचा तो रोज चालू असलेला भाग आहे.

त्यानंतर क्षार काढले, सुटलेला गिलावा आतून चिकटवला, १९ व्या शतकापासूनच्या दुरुस्त्यांची पुटं जिथे त्रास देत होती तिथे उतरवली. जिथे चित्र गेलंय तिथे जलरंगाने हलका सूर धरला, तोही असा की पुढच्या पिढीला वाटलं तर पाण्याने पुसता यावा.

हे सगळं मी पोटतिडकीने लिहितोय, कारण इटालियन हात अजिंठ्यालाही लागलेत. १९२०-२२ मध्ये निजामाने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघांना बोलावलं. पडू घातलेला गिलावा त्यांनी वाचवला, ते उपकार मोठे. पण वरून लाखेचं वॉर्निश दिलं. ते पिवळं पडलं, काळवंडलं, त्यावर वटवाघळांची घाण आणि धूळ बसली, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते थराथराने काढत बसावं लागलं. अजिंठ्याची भिंत मुळात मातीच्या गिलाव्याची, भुसा-तंतू घातलेली, वर चुन्याचा पातळ हात आणि रंग वाळक्या भिंतीवर सरसाने लावलेले. पादुआचे उपाय तिथे आंधळेपणाने चालणार नाहीत. पण आधी हवा मोजा, मग ब्रश उचला, एवढं तरी उचलण्यासारखं आहे.

फिरस्ता_ठाणे

स्पष्ट बोलू का? एवढा आटापिटा करू नका. आम्ही गेलो होतो. ज्या मधल्या साइटवरून तिकीट काढलं तिने वेळच चुकीची छापली, गट आत गेला आणि आम्ही दारात. दुसऱ्या वेळेची तिकिटं मिळाली तेव्हा व्हेनिसची गाडी चुकायची वेळ आली. आत गेल्यावर वरची ओळ बघता बघता मान अवघडते, तोवर घंटा होते. देवघर म्हणताय, पण घड्याळ लावून देवदर्शन मला तरी झेपत नाही.

त्यापेक्षा संत अंतोनच्या बॅसिलिकाशेजारी, म्हणजे मोठ्या चर्चशेजारी, सान जोर्जोचं छोटं प्रार्थनागृह आहे, अल्तिकिएरोने १३८० च्या आसपास रंगवलेलं. गर्दी नाही, बाकावर बसून हवं तेवढा वेळ बघत बसा. तेही त्याच शहरातलं, त्याच शतकातलं. २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत पादुआची चौदाव्या शतकातली भित्तिचित्रं घेतली, त्यात ते पण आहे.

निर्मळची_पोर

फिरस्ता, साइटचा राग समजला, पण चॅपेलवर कशाला काढता? अल्तिकिएरो बघावाच, त्याबद्दल दुमत नाही. दोन्ही बघायला पादुआ एवढं मोठं नाही. काही महिने संध्याकाळी दुप्पट वेळेचं तिकीटही असतं. मान अवघडणाऱ्यांनी ते बघावं.

आणि घड्याळाबद्दल. चॅपेलातून निघून एरेमितानी चर्चमध्ये जा, अगदी शेजारी आहे. तिथे ओव्हेतारी नावाचं चॅपेल आहे. ११ मार्च १९४४ ला बॉम्ब पडले आणि मान्तेन्या या चित्रकाराने रंगवलेल्या भिंतींचा चुरा झाला. ढिगाऱ्यातून गोळा केलेले ८०,००० हून जास्त तुकडे पेट्यांत पडून होते. पुढे संगणकावर जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंशी जुळवून त्यांची जागा शोधली. आता तिथे मोठा करडा फोटो आणि त्यावर ठिकठिकाणी चिकटवलेले रंगीत कपचे दिसतात, नखाएवढे, तळहाताएवढे. जिओत्तोच्या भिंती तिथून शंभरेक मीटरवर होत्या. ते बघून आलात की पंधरा मिनिटांची कुरकुर होत नाही, निदान माझ्या पाहुण्यांची तरी होत नाही.

वाईकर_अण्णा

सगळ्यांचे आभार, ताईंचे विशेष. तुमचं पहिलं उत्तर सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. त्या म्हाताऱ्या जोडप्याचं ऐकून ती म्हणाली, मी तिथेच पंधरा मिनिटं उभी राहणार, तुम्ही बाकीचं बघून या. आता तिचा प्रश्न: पादुआला गेलो आणि नुसती चित्रं बघून आलो असं नको, कुठेतरी हात जोडायचे आहेत. तो संत अंतोन म्हणताय तिथे आम्हाला चालतं का? काही नेमधर्म?

निर्मळची_पोर

काकूंना सांगा, न चालायला काय झालं, जगभरची माणसं येतात. चॅपेलहून चालत पंचवीसेक मिनिटं, नाहीतर ट्राम आहे. पादुआत त्याला नुसतं 'इल सांतो' म्हणतात, नाव घ्यायची गरजच नाही. गंमत म्हणजे तो इथला नव्हेच. जन्म लिस्बनचा, मृत्यू १३ जून १२३१ ला पादुआच्या वेशीवर. वर्ष व्हायच्या आत संत जाहीर झाला. लिस्बनचा म्हणून पोर्तुगीजांनी जिथे तिथे नेला, तसा आमच्या वसईतही आला. बाळ येशूला कडेवर घेतलेला अंतोन आमच्याकडे घरोघरी. वस्तू हरवली की पहिली हाक त्याला. १३ जूनला पाऊस नुकताच धरलेला असतो, छत्र्या घेऊन मिस्सेला जायचं आणि पाव वाटायचे. इथे त्याच दिवशी मिरवणूक निघते. पहिल्या वर्षी कोरड्या रस्त्यावर ती बघताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

आत डाव्या अंगाला त्याची कबर. भोवती संगमरवरी शिल्पं. कबरीच्या मागच्या बाजूने रांग जाते आणि प्रत्येकजण काळपट दगडावर तळहात टेकवून क्षणभर डोळे मिटतो. कुणी हाकलत नाही, पण मागे रांग असते तेवढं भान ठेवायचं. बाजूला लोकांनी लावलेले फोटो दिसतील, बाळांचे, नवरा-बायकोचे, अपघातात चुरा झालेल्या गाड्यांचेसुद्धा. काकूंना काय मागायचं ते मराठीत मागू दे. मी तर आमच्या वाडवळी बोलीतच मागते. वेदीमागच्या दालनात त्याची जीभ जपून ठेवलीय. कबर १२६३ मध्ये उघडली तेव्हा बाकी देह गेला होता आणि जीभ तेवढी शाबूत सापडली. तो मोठा वक्ता होता ना. काहीजणांना ते बघवत नाही, काकूंना आधी सांगून ठेवा.

नेमधर्म म्हणाल तर खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, साडीला अडचण नाही. मिस्सा चालू असेल तर फिरू नका, मागे बसा. आणि जावयांना एक सांगा, चॅपेलच्या तिकिटावरची वेळ अगदी काटेकोर असते. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, त्या म्युझियमच्या काउंटरला ठेवाव्या लागतात. निदान अर्धा तास हाताशी धरून पोहोचा, नाहीतर फिरस्ता भाऊंसारखं दारात उभं राहायची पाळी.